परत पाठवलेला चेक

ये, अशी जवळ ये. तिकडे दाराशी बसलं तर निम्मं ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट निम्मी ऐकण्यातली नाही. सोफेवाल्यांच्या घरातल्या एका सकाळची हकिकत सांगायची आहे. पंधरा वर्षं मुरलेला राग त्या सकाळी बरणीचं झाकण उडवून बाहेर आला. देव सगळ्यांच्या पोटातलं जाणतो हे खरं, पण तो काही तोंड उघडून सांगत नाही. ते काम माणसालाच करावं लागतं, आणि तिथेच माणूस अडतो.

त्यांचं घर गेलं होतं, हे माहीतच आहे. हप्ते थकले, कर्जकंपनीने घर ताब्यात घेतलं, पडेल भावात विकलं, आणि विकूनही कर्ज पुरतं फिटलं नाही. उरलेल्या रकमेबद्दल तेरा वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. मग कुठल्याशा वसुली कंपनीने ते जुने कागद विकत घेतले आणि दोन पत्रं धाडली. एक बापाला, सोफ्याच्या कारखान्यावर. दुसरं थोरल्या लेकीला, ती बस चालवायची त्या डेपोत थेट, कारण मूळ कर्जाच्या कागदावर तिचीही सही होती. पत्रासोबत एक फॉर्म होता: कर्ज मान्य आहे, हप्त्याने फेडू, खाली दोघांच्या सह्या. मुदत शुक्रवारची.

त्या दिवशी बुधवार होता.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला फोमचे ताव, दुसऱ्या भिंतीला कापडाचे तागे, मध्ये पोट फाडलेला एक तीन माणसांचा सोफा, स्प्रिंगा वर आलेल्या. बाप त्याच्यावर वाकलेला, तोंडात बारीक खिळे. सोफेवाले खिळे तोंडातच धरतात; एकेक जिभेने पुढे आणायचा आणि हातोडीने ठोकायचा. पण या बापाच्या तोंडात काम नसतानाही खिळे असायचे. बोलायचं नसलं की तो मूठभर तोंडात टाकी. घरच्यांना सवय झाली होती.

मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, एका गिऱ्हाइकाच्या तयार खुर्चीत बसले होते. त्यांचा धंदा लोकांना कर्ज मिळवून द्यायचा. कपडे कडक इस्त्रीचे. मांडीवर तोच फॉर्म.

"माझं ऐका दाजी," मामा म्हणत होते. "सही करून टाका. मी कारखान्यावर नवं कर्ज काढून देतो, त्यातून हे जुनं मिटवू. एकच हप्ता, एकच तारीख. डोक्याला ताप नाही."

"कारखाना माझ्या नावावर आहे," शिलाई यंत्रावरून आई म्हणाली.

"म्हणून तर तुझी सही लागेल. बाकी काही नाही गं. नुसती सही."

तेवढ्यात ताई आत आली. डेपोचा निळा गणवेश, पायात जाड बूट, चेहऱ्यावर पहाटेच्या फेरीची धूळ. तिची दुसरी फेरी एक वाजून दहा मिनिटांनी होती.

"ये, बस," मामा म्हणाले. "पेन आणलंय का?"

"बसायला आले नाही. साडेअकराची वेळ घेतलीय, ग्रंथालयामागच्या सल्ला केंद्रात. ज्याला यायचंय त्याने यावं."

"तिथे ती बाई बसते ती? फुकट सल्ला देणारी?" मामा हसले. "अगं, जी एक पैसा घेत नाही, तिला तुझी काळजी कशाला असेल?"

"तिने काळजी करावी असं मी म्हटलंच नाही मामा. काळजी घरच्यांनी करून पाहिली. घर गेलं."

धाकट्या लेकाने फोम कापायची सुरी खाली ठेवली. कारखाना पुढे त्यालाच चालवायचा होता, आणि बहिणीच्या बोलण्यात आपल्या पोटावर पाय येतोय असं त्याला महिनाभर वाटत होतं. "तू सरळ कधी बोलशील का गं? मामा काहीतरी मार्ग काढताहेत."

"मार्ग त्यांनी मागेही काढला होता. ते कर्जही त्यांनीच आणलं होतं. विसरलास? बरोबर आहे, तू तेव्हा शाळेत होतास."

बापाने दोन खिळे ठोकले. मग उरलेले तळहातावर घेतले, म्हणजे बोलायचं होतं. "देणं असलं तर द्यायचं. त्यात चार लोकांना काय विचारायचं? विचारायला जाणं म्हणजे पळवाट शोधणं."

"तुमचं देणं तुम्ही द्या बाबा. त्यात मी कुठून आले, एवढं सांगा."

बापाने खिळे परत तोंडात टाकले.

ताई त्याच्याकडे बघत उभी राहिली. चिडलेल्या प्रवाशाकडे आरशातून बघावं तसं, नजर न काढता. "टाका," ती म्हणाली. "पंधरा वर्षं तेच खाताय."

शिलाई यंत्र थांबलं. आईने धागा तोडला, पाय खाली घेतला आणि चपला शोधायला लागली. "मी येते तुझ्याबरोबर."

"तू?" मामा आणि बाप दोघेही एकदम म्हणाले.

"कारखाना माझ्या नावावर आहे ना," आई म्हणाली. "मग बघू या की तो कुणाच्या घशात चाललाय."

आई निघाली म्हटल्यावर घरात कोण राहणार? बाप निघाला, धाकटा निघाला. आणि आपल्या माणसांना कुणी फसवू नये म्हणून मामाही निघाले.

*

ती खोली पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची होती. कागदाचा वास अजून गेला नव्हता. एक टेबल, सहा खुर्च्या, खिडकीत पाण्याची बाटली. बापाने बसण्याआधी सवयीने खुर्चीच्या गादीवर अंगठा दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. फोम मेला होता.

सल्लागार बाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून त्यांनी सगळ्यांना बसवलं. आईने पिशवीतून स्वतः शिवलेली एक उशी काढून टेबलावर ठेवली. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, हा तिचा नेम.

"ही परत घ्या," बाई म्हणाल्या.

"अहो, घरचीच आहे."

"म्हणूनच. मी इथे कुणाचं काही घेत नाही. तुमचं नाही, कर्ज देणाऱ्यांचं नाही, वसुली करणाऱ्यांचंही नाही. आणि एक आधीच सांगते, मी तुमच्या बाजूची नाही. कागदात जे असेल ते सांगेन. ऐकायला वाईट असलं तरी."

आईने उशी मांडीवर घेतली. या बाईचा तिला राग आला, आणि त्याच क्षणी विश्वासही वाटला. घरातला प्रत्येक माणूस तिला आजवर म्हणत आला होता, मी तुझ्याच बाजूचा आहे. तसं न म्हणणारी ही पहिलीच.

बाईंनी ताईच्या सहीने वसुली कंपनीकडून सगळी फाईल मागवली होती. ती जाड होती. "इथल्या नियमाप्रमाणे," त्या म्हणाल्या, "अशा उरलेल्या कर्जाला बारा वर्षांची मुदत असते. बारा वर्षांत कुणी पैसे भरले नाहीत, लेखी कबुली दिली नाही, तर पुढे कोर्टातून वसूल करता येत नाही. घर विकलं त्याला तेरा वर्षं झाली."

धाकटा खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे संपलं?"

"संपलं असतं. मध्ये हे पत्र आहे. पाच वर्षांपूर्वीचं."

त्यांनी एक कागद काढून टेबलावर फिरवून ठेवला. बापाचं अक्षर कुणी ओळखायची गरज नव्हती. टाके घातल्यासारखं, एका ओळीत, एका मापाचं. बाईंनी वाचलं:

"महोदय, विम्याचे पैसे जादा कापले गेले म्हणून आपण पाठवलेला चेक मिळाला. तो सोबत परत करीत आहे. घराचे कर्ज अजून आमच्याकडून येणे आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. देणेकऱ्याने घेणेकऱ्याकडून पैसे घ्यावेत हे बरे दिसत नाही. कळावे."

धाकटा हसला, पण ते हसणं वाईट होतं.

"बाबा. त्यांनी तुम्हाला पैसे पाठवले, आणि तुम्ही परत केले?"

"आपले नव्हते," बाप म्हणाला.

आता हे दुसऱ्या घरात घडतं का? सांग. पण या घरात सोफा उसवला की आत सापडलेलं सगळं एका डब्यात जायचं. नाणी, कानातली, किल्ल्या, एकदा तर कुणाचा दात. वर चिठ्ठी, गिऱ्हाइकाचं नाव. दहा वर्षांनी गिऱ्हाईक आलं तरी डबा त्याच्यापुढे उघडायचा. अशा माणसाच्या हाती चुकून चेक आला. तो दुसरं काय करणार? देवभोळेपणा म्हण, सचोटी म्हण. त्याने आपल्याच हाताने, टपालखर्च घालून, मेलेलं कर्ज उठवून बसवलं होतं.

"त्यांनी पोचही दिली नाही," बाप म्हणाला. त्याला त्याचंच जास्त लागलेलं दिसलं.

"पोच?" ताई उभी राहिली. "तुम्हाला पोच हवी होती? मी खोली घ्यायला बँकेत गेले, तिथे माझ्या नावापुढे हे कर्ज. तुमची सचोटी माझ्या नावावर चालते, माहीत आहे? परक्याची किल्ली दहा वर्षं जपता, आणि माझं—"

"ताई, खाली बस," आई म्हणाली.

"नाही बसत. दिवसभर बसूनच असते मी."

मामांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नव्या कोऱ्या नोटेसारखं, घडी न मोडलेलं. "म्हणजे शेवटी माझंच खरं. कर्ज जिवंत आहे. मग वेळ कशाला घालवायचा? करा सह्या."

"थांबा," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "पत्रावर सही एकट्या वडिलांची आहे. ते त्यांना लागू होईल असं मला वाटतं. परत केलेला चेक भरणा धरायचा की नाही, यावर वकील वाद घालतील, आणि वकील तुम्हाला लागणार आहे. कुठे परवडेल त्याचा पत्ता देते. पण मुलीने पाच वर्षांपूर्वी काही लिहिलेलं नाही, कधी पैसे भरलेले नाहीत. कागदावरून तरी तिची मुदत गेल्या वर्षी संपली." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "तिने यावर सही केली, तर ती स्वतःहून पुन्हा अडकेल."

खोलीतली माणसं तीच होती, पण कोण कुणाच्या बाजूला ते बदललं. धाकट्याचा चेहरा लाल झाला.

"वा. म्हणजे ही सुटली. बाबा एकटे. आणि त्यांच्यामागे मी." तो ताईकडे वळला. "तू बसमध्ये बसशील आणि निघून जाशील. कारखाना कोण वाचवणार?"

"कारखान्याला आज कुणी हात लावू शकत नाही," बाई मध्येच म्हणाल्या. "तो आईंच्या नावावर आहे. त्या या कर्जात कुठेच नाहीत. त्यावर नवं कर्ज काढलंत तर मात्र तो गहाण पडेल."

धाकटा थांबला. सावकाश मामांकडे वळला.

"हे तुम्ही नाही सांगितलं."

"अरे, बारीकसारीक गोष्टी—"

"दादा," आई म्हणाली. भावाला ती लहानपणापासून याच आवाजात हाक मारी. आज त्यात धार होती. "नव्या कर्जावर तुला किती मिळणार?"

"काय बोलतेस. मी घरचा माणूस."

"घरच्या माणसालाच विचारतेय. परक्याला विचारलं असतं का?"

मामांनी इस्त्रीची बाही नीट केली. "दीड टक्का. सगळेच घेतात. आणि राबतो मी, त्याचं काय?"

"मागच्या वेळीही दीडच होता का?"

मामांनी उत्तर दिलं नाही. आईला ते पुरलं. दोघं एका ताटात जेवून मोठी झालेली. त्याची गप्प राहण्याची रीत तिला बोलण्यापेक्षा जास्त कळायची. आता तिला वाटलं, आपणही गप्पच होतो की. पहिल्या कर्जाच्या सह्या झाल्या त्या दिवशी स्वयंपाकघरात चहा आपणच गाळत होतो.

बाईंनी फाईलचं पहिलं पान काढलं. मूळ कर्जाचं. "अजून एक विचारते. इथे तुमची सही सहकर्जदार म्हणून आहे. वय एकोणीस. सही करताना तुम्हाला काय सांगितलं होतं?"

ताई अजून उभीच होती. "साक्षीदार."

"म्हणजे?"

"म्हणाले, साक्षीदार म्हणून सही कर. फक्त बघितलंस म्हणून. मी परीक्षेला निघाले होते. वाचलं नाही."

"असं कुणीही म्हटलं नव्हतं," मामा म्हणाले. आवाज एकदम गोड झाला होता. "मी तिथे होतो ना. सगळं समजावून सांगितलं होतं. सज्ञान होती, शिकलेली होती. आता अंगाशी आलं म्हणून माणसाने बापाला खोटं पाडावं का? दाजी, तुम्हीच सांगा."

सगळे बापाकडे बघू लागले. ताई बघत नव्हती. ती खिडकीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होती, आणि तिने आपल्या डाव्या मनगटाला उजव्या हाताने घट्ट धरलं होतं.

बापाला तो दिवस आठवायचा नव्हता, पण आठवायला तो कधी विसरला नव्हता. एकट्याच्या कमाईवर कर्ज मिळेना. मेव्हणे म्हणाले, पोरीचं नाव घाला, कागदाला वजन येतं. खरं सांगितलं तर ती घाबरेल असं वाटलं. नाही म्हणेल असं वाटलं. उलट तिने काहीच विचारलं नाही. बाबा सांगताहेत म्हणून उभ्या उभ्याच, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून सही केली आणि पळाली. तिच्या त्या न विचारण्याचंच त्याला पुढे भय वाटू लागलं. दुसऱ्याची कानातली परत करताना त्याला दर वेळी बरं वाटायचं, आणि दर वेळी ते बरं वाटणं अर्ध्यावर यायचं आणि थांबायचं.

"मी म्हणालो," बाप म्हणाला.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"साक्षीदार. तो शब्द माझा होता. यांचा नव्हे."

"दाजी, जरा विचार करून—"

"तुम्ही गप्प बसा." बापाने आयुष्यात पहिल्यांदा मेव्हण्याला असं म्हटलं होतं, आणि तेही हळू आवाजात. मग बाईंना म्हणाला, "लिहून घ्या हे."

"लिहीन. पण तुम्हाला आधी सांगायला हवं. तुमच्याबद्दल मी मघाशी जे सांगितलं, त्यात याने तुमचं काही भलं होणार नाही. कदाचित जास्तच अडचण होईल. वकिलाला विचारून मग लिहिलंत तरी चालेल."

"वकील मला सांगेल की लिहू नका."

"शक्य आहे."

"मग आताच लिहा."

मामा मध्ये पडले. "बरं, लिहायचंच तर नीट तरी लिहा. गैरसमज झाला, एवढं पुरे. मुलीचा गैरसमज झाला."

"तिचा कसला गैरसमज," बाप म्हणाला. "तिला बरोबर समजलं होतं, जे मी सांगितलं ते. मी खोटं सांगितलं. खोटं, असंच लिहा."

बाई लिहू लागल्या. पेनाचा तेवढा आवाज. आईने उशीच्या शिवणीवर अंगठा दाबून धरला होता; ती म्हणाली, "खाली माझंही नाव घाला. मी ऐकलं होतं. चहा गाळत होते मी. मी तेव्हाही बोलले नाही आणि नंतरही."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. 

लिहून झाल्यावर बाईंनी कागद बापापुढे सरकवला. त्याने सही केली. आईने केली. मग ताई म्हणाली, "वाचून दाखवा."

"मी वाचते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नको. त्यांनी."

बापाने चष्मा लावला. चार ओळी होत्या. त्याने त्या वाचल्या, ओळीवर बोट ठेवून, आणि त्या शब्दापाशी आला तेव्हा थांबला नाही.

ताईने ऐकलं. तिचा राग उतरला नाही. खरं सांगायचं तर आता कुठे तो तिला पुरता आला. इतकी वर्षं आपल्यालाच नीट आठवत नसेल, असं ती मनाशी म्हणत आली होती. मूर्ख आपणच, न वाचता सही करणाऱ्या. आता ते ओझं तिच्या खांद्यावरून उतरलं, आणि त्याच्याखाली जे होतं ते लख्ख आणि गरम होतं.

"एकोणीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "मागितलं असतंत तर दिली असती सही. खरं सांगून मागितलं असतंत, तरी."

बापाने मान हलवली. "माहीत आहे. नंतर कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

बापाने चष्मा काढून त्या चार ओळींवर ठेवला.

तिने तो फॉर्म उचलला, आपल्या नावासमोरची रिकामी ओळ एकदा पाहिली, आणि फॉर्म तसाच कोरा बाईंच्या फाईलवर ठेवला. घड्याळ पाहिलं.

"जेवून तरी जा," आई म्हणाली. "डब्यात आहे थोडं."

"संध्याकाळी फोन करते तुला." तिने 'तुला' म्हटलं, 'तुम्हाला' नाही, ते सगळ्यांना कळलं. दारापाशी ती थांबली, बापाकडे पाहून म्हणाली, "वकिलाकडे जाल तेव्हा मला सांगा. मी येईन. तुमच्यासाठी नाही. कागद वाचायला."

जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

एवढंच सांगायचं होतं. कोण सुटलं, कोण अडकलं, ते कोर्टात व्हायचं तेव्हा होईल. पण आज दिवा लावून हात जोडशील, आपल्या माणसांसाठी चार शब्द म्हणशील, तेव्हा मागून एक शब्द त्या मुलीसाठीही म्हण. दप्तर खांद्यावर, परीक्षेची घाई, दारात उभ्या उभ्या सही करणारी. बापाने सांगितलं म्हणून काहीही न विचारणारी. तिच्या वतीने त्या घरात तेव्हा कुणी बोललं नाही. तिची तेवढी आठवण ठेव.